माहिती गेली, हे सांगणार कोण?

1964 साली मुंबईच्या एका नर्सिंग होममध्ये झालेल्या अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर एक रुग्ण दगावला. अशा मृत्यूंची चौकशी करायला तेव्हा मुंबईत कॉरोनर असत. इथे कॉरोनरनीच अनुकूल निष्कर्षासाठी डॉक्टरांकडे पैसे मागितल्याची तक्रार झाली. पोलिसांनी निरोपानिरोपी करणाऱ्या दुसऱ्या एका डॉक्टरांच्या घरी जाऊन त्यांच्या टेलिफोनला टेपरेकॉर्डर जोडला, त्यांना कॉरोनरना फोन लावायला सांगितलं आणि बोलणं टेप करून घेतलं. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा तो खटला. सप्टेंबर 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेप पुरावा म्हणून ग्राह्य धरली. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती होती आणि कॉरोनरना बोलायला कुणी भाग पाडलं नव्हतं, असं त्यामागचं कारण होतं. जाता जाता न्यायालयाने एक ग्वाहीही देऊन ठेवली. निरपराध नागरिकाचं टेलिफोनवरचं बोलणं कुणी बेकायदा ऐकत असेल तर न्यायालय त्याच्या पाठीशी उभं राहील, पण दोषी माणसाला ही ढाल मिळणार नाही.

ग्वाही चांगली होती, पण निरपराध माणूस न्यायालयात येणार कसा? ज्याच्यावर खटला भरतात त्याची टेप कोर्टात वाजते. ज्याच्या बोलण्यात काहीच सापडत नाही त्याची टेप कुठेतरी पडून राहते किंवा पुसली जाते, आणि आपलं बोलणं तिसऱ्या कुणी ऐकलं याचा त्याला पत्ताही लागत नाही. म्हणजे ज्याला संरक्षणाचं वचन दिलं आहे, नेमका तोच दाराशी पोहोचू शकत नाही.

फोन, पत्र, ईमेल आणि इंटरनेटवरच्या माहितीचं रक्षण करणाऱ्या आपल्या कायद्यांचा आढावा अनेक बाजूंनी घेता येईल. शिक्षा किती, दंड किती, मंडळावर कोण, हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण माझ्या मते सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हा की माझी माहिती गेली, तर ते मला कोण सांगणार आणि कधी? या एका प्रश्नाने कायदे तपासले की त्यांच्यातले बरेच गुणदोष आपोआप वर येतात.

फोन ऐकण्याचा अधिकार सरकारला ज्या कायद्याने दिला तो 1885 चा, म्हणजे मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं त्याच वर्षीचा. भारतीय तार अधिनियमाच्या कलम 5(2) मध्ये दोन अटी होत्या. एक तर सार्वजनिक आणीबाणी असली पाहिजे किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असला पाहिजे. आणि त्यावर देशाचं सार्वभौमत्व, परराष्ट्रांशी मैत्री, गुन्ह्याची चिथावणी रोखणं अशा ठरावीक कारणांपैकी एखादं असलं पाहिजे. कलम होतं, पण ते वापरायचं कसं याचे नियमच नव्हते. स्वातंत्र्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं या अधिकाराचा वापर कुठल्याही लिखित कार्यपद्धतीशिवाय चालू होता. 1988 मध्ये फोन टॅपिंगच्या आरोपांवरून कर्नाटकात रामकृष्ण हेगडे यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. पुढे राजकारण्यांच्या फोन टॅपिंगबद्दलचा सीबीआयचा अहवाल ‘मेनस्ट्रीम’ नियतकालिकात छापून आला आणि त्याच्या आधारे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली.

18 डिसेंबर 1996 च्या पीयूसीएल निकालाने चित्र काहीसं बदललं. आदेश फक्त गृहसचिवांनी द्यायचा, दोन महिन्यांसाठीच द्यायचा, वाढवत नेला तरी सहा महिन्यांपुढे नाही, आणि सचिवांच्या आढावा समितीने तो तपासायचा. आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा धोका ही फायलीत लपवायची गोष्ट नाही, ती सामान्य शहाण्या माणसाला उघड दिसायला हवी, असंही न्यायालयाने बजावलं. मात्र आदेशाआधी न्यायाधीशाची परवानगी हवी, ही मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. कायदा तशी तरतूद करत नसताना आम्ही ती घालू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. या सूचनांना नियमाचं रूप यायला आणखी काही वर्षं लागली. तार नियमावलीतला 419-अ हा नियम 1999 मध्ये आला आणि 2007 मध्ये नव्याने लिहिला गेला.

हा नियम कागदावर काही वाईट नव्हता. केंद्रात मंत्रिमंडळ सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव. राज्यात मुख्य सचिव, विधी सचिव आणि गृह सोडून दुसऱ्या खात्याचे एक सचिव, अशी आढावा समिती. तिने दोन महिन्यांतून एकदा तरी बसायचं. पण समितीच्या टेबलावर येतं किती? केंद्र सरकार महिन्याला सरासरी साडेसात ते नऊ हजार टॅपिंग आदेश काढतं, असं गृह मंत्रालयाने माहिती अधिकारात दिलेलं उत्तर 2013 पासून सार्वजनिक आहे. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या 2018 च्या अहवालातही हा हिशेब आहे: एका बैठकीपुढे 15,000 ते 18,000 आदेश, आणि हे काम अवास्तव आहे असा शेरा. एका आदेशाला एक मिनिट द्यायचं म्हटलं तरी 15,000 आदेशांना 250 तास लागतात. मंत्रिमंडळ सचिवांनी दुसरं काहीच केलं नाही, रोज आठ तास केवळ फायली उलटल्या, तरी अख्खा महिना जाईल. तेव्हा हा आढावा प्रत्यक्षात कसा होत असेल याची कल्पना ज्याने सरकारी कचेरीत सह्यांच्या फायलींचा गठ्ठा पाहिला आहे त्याला सहज करता येईल. आणि जो आदेश मागतो, जो देतो आणि जो तपासतो, ते तिघेही सरकारचेच. ज्याचा फोन ऐकला गेला त्याचा या साखळीत कुठेही उल्लेख नाही. आदेश संपल्यावरही त्याला कळवायचं नाही, आणि सहा महिन्यांनी नोंदी नष्ट करायच्या.

महाराष्ट्राने या यंत्रणेचा अलीकडे एक नमुना पाहिला. नाना पटोले, संजय राऊत, एकनाथ खडसे अशा नेत्यांचे फोन ऐकले गेल्याच्या तक्रारींवरून 2022 मध्ये पुण्यात आणि मुंबईत एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. मूळ नंबर नेत्यांचे, पण परवानगीच्या कागदावर नावं भलत्याच लोकांची, असा आरोप होता. मध्यंतरी राज्यात सत्तांतर झालं. पुण्याच्या प्रकरणात पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला, मुंबईच्या प्रकरणात खटल्याला सरकारची मंजुरी मिळाली नाही, आणि सप्टेंबर 2023 मध्ये उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. आरोप सिद्ध झाले नाहीत, तेव्हा त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. या नेत्यांना आपल्या फोनबद्दल जे काही कळलं ते सत्तेतल्या फेरबदलामुळे कळलं. कुठल्याही नियमाने त्यांना ते कळवलं नाही. आमदार-खासदारांची ही गत असेल तर सामान्य माणसाने कुठे जायचं?

सामान्य माणसाला न्याय मिळाल्याचं एक उदाहरणही मुंबईचंच आहे. विनीत कुमार विरुद्ध सीबीआय या खटल्यात एका व्यावसायिकावर सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याला दहा लाखांची लाच दिल्याचा आरोप होता आणि त्यासाठी 2009 आणि 2010 मध्ये त्याचा फोन टॅप करण्याचे तीन आदेश निघाले होते. न्या. रणजित मोरे आणि न्या. एन. जे. जामदार यांच्या खंडपीठाने 22 ऑक्टोबर 2019 रोजी तिन्ही आदेश रद्द केले. लाचखोरी गंभीर आहे, पण तिच्यात सार्वजनिक आणीबाणी कुठे आहे आणि सार्वजनिक सुरक्षितता कुठे धोक्यात आली, असा न्यायालयाचा सरळ सवाल होता. ध्वनिमुद्रणं नष्ट करण्याचाही आदेश झाला. या निकालाला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालाचा भक्कम आधार होता. पण इथेही दाद मागता आली ती खटला उभा राहिला म्हणून. काही सापडलंच नसतं तर तीन आदेश निघाले होते हे त्याला जन्मभर कळलं नसतं.

शिवाय हा निकाल सगळीकडे चालतो असंही नाही. जून 2025 च्या अखेरीस दिल्ली उच्च न्यायालयाने वेगळी भूमिका घेतली: मोठ्या सरकारी कंत्राटातला भ्रष्टाचार देशाच्या अर्थव्यवस्थेवर आघात करतो, तेव्हा तो सार्वजनिक सुरक्षिततेत बसू शकतो. त्यानंतर आठवड्याच्या आत मद्रास उच्च न्यायालयाने मुंबईच्या बाजूने कौल देऊन 2011 मधला एक टॅपिंग आदेश रद्द केला. म्हणजे मुंबई आणि मद्रास या दोन जुन्या न्यायालयांचं एकमत, आणि राजधानीतल्या न्यायालयाचं दुसरं. मला मुंबई-मद्रासचं म्हणणं पटतं. अर्थव्यवस्थेला धक्का पोहोचवणारी प्रत्येक गोष्ट सार्वजनिक सुरक्षितता ठरू लागली तर करचुकवेगिरीपासून परीक्षेतल्या पेपरफुटीपर्यंत काहीही त्यात घालता येईल, आणि 1885 च्या इंग्रज सरकारने घातलेली अटही आपण गमावून बसू.

टॅपिंगपुरता तार कायदा आता मागे पडला. दूरसंचार अधिनियम 2023 चं कलम 20 जून 2024 मध्ये लागू झालं आणि डिसेंबर 2024 मध्ये नवे टॅपिंग नियम आले. दीडशे वर्षांच्या जवळ पोहोचलेला कायदा बदलायची संधी होती. सरकारने नाव बदललं, रचना बरीचशी तीच ठेवली: तेच गृहसचिव, तीच समिती, तेच दोन आणि सहा महिने. एक सुधारणा मात्र मान्य करायला हवी. तातडीच्या वेळी खालच्या अधिकाऱ्याने दिलेला आदेश सात कामकाजी दिवसांत मंजूर झाला नाही, तर त्यातून मिळालेलं बोलणं पुरावा म्हणून वापरता येणार नाही, असं आता नियमातच लिहिलेलं आहे. बेकायदा टॅपिंगला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंडही आहे. पण ज्याचं बोलणं ऐकलं त्याला कळवण्याबद्दल पुन्हा अवाक्षर नाही.

पत्रांची कथा याहून बोलकी आहे. 1986 मध्ये राजीव गांधी सरकारने टपाल उघडून पाहण्याचे अधिकार वाढवणारं विधेयक संसदेत मंजूर करून घेतलं. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही, नाहीही म्हटलं नाही. ते तसंच पडून राहिलं आणि पुढे मागे घेतलं गेलं. 2023 मध्ये नवा पोस्ट ऑफिस कायदा आला. त्याच्या कलम 9 मध्ये टपाल उघडण्याचे अधिकार आहेत आणि जून 2024 पासून ते लागूही आहेत. वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या असतील-नसतील. पत्रंच कुणी लिहीत नाही म्हणून असेल कदाचित, पण 1986 चा गदारोळ आठवणाऱ्यांना हे गप्प बसणं नवलाचं वाटावं.

इंटरनेटसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 69 आहे. 2008 च्या दुरुस्तीनंतर त्यात टॅपिंगबरोबर निरीक्षण आणि कूटबद्ध मजकूर उलगडून मागण्याचे अधिकारही आहेत. त्यात आणीबाणी-सुरक्षिततेची ती पहिली अटच नाही. एखाद्या गुन्ह्याचा तपास करायचा आहे, एवढं कारणही पुरतं. म्हणजे तुम्ही एखादी गोष्ट फोनवर बोललात तर एक संरक्षण आणि तीच ईमेलने लिहिलीत तर त्याहून कमी. 20 डिसेंबर 2018 च्या आदेशाने दहा केंद्रीय यंत्रणांना या कलमाखाली अधिकृत केलं गेलं. 2021 च्या नियमांनी मोठ्या संदेश-सेवांना एखादा मजकूर पहिल्यांदा कुणी पाठवला हे शोधून द्यायला सांगितलं. व्हॉट्सॲपने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि कूटबंध तोडायला लावलं तर भारत सोडू, असं 2024 मध्ये कंपनीच्या वकिलांनी कोर्टात सांगितलं. एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इन या यंत्रणेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपायला सांगितलं, तेव्हा काही कंपन्यांनी इथले सर्व्हर खरंच उचलले. डिसेंबर 2025 मध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच घालून देण्याचा आदेश ओरड होताच काही दिवसांत मागे घेतला गेला. ओरड होऊ शकली, कारण आदेश बाहेर आला होता.

पेगॅससच्या वेळी तसं झालं नाही. जुलै 2021 मध्ये पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर फोनमध्ये घुसवून पाळत ठेवल्याच्या बातम्या आल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्या. आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. समितीने 29 फोन तपासले, पाचांत कसलं तरी घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगॅससच आहे असं ठामपणे म्हणता आलं नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही, एवढं ऑगस्ट 2022 मध्ये न्यायालयात सांगण्यात आलं. ज्या लोकांनी आपापले फोन तपासणीला दिले त्यांना अजून धड उत्तर नाही.

बाहेर पाहिलं तर ‘कळवणं’ ही अशक्य गोष्ट नाही. अमेरिकेत 1968 च्या कायद्यानुसार गुन्ह्याच्या तपासासाठी फोन ऐकायला न्यायाधीशाचा आदेश लागतो, आणि आदेश संपल्यावर नव्वद दिवसांच्या आत संबंधितांना तसं कळवावं लागतं. न्यायाधीश ते लांबवू शकतो. असे किती आदेश निघाले याचा अहवाल तिथे दरवर्षी छापला जातो. (हेच अमेरिका परदेशी नागरिकांच्या बाबतीत काय करते ते एडवर्ड स्नोडेनने 2013 मध्ये दाखवलं, तेव्हा फार भाबडं व्हायचं कारण नाही.) जर्मनीत गुप्तहेर खात्यालाही, धोका टळला की कळवण्याचं बंधन आहे, आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 1978 च्या क्लास खटल्यात त्या पद्धतीची बारकाईने तपासणी केली होती. ब्रिटनमध्ये कळवत नाहीत, पण 2016 च्या कायद्याने मंत्र्याच्या आदेशावर न्यायिक आयुक्ताची दुसरी सही आणली, आणि फक्त संशय असला तरी तक्रार नेता येईल असं एक न्यायाधिकरण तिथे आहे. आपल्याकडे यातलं एकही नाही. दहशतवादाचा धोका आहे म्हणून नाही, हे उत्तर मला पटत नाही. जर्मनीचा कायदा शीतयुद्धाच्या ऐन भरात झाला होता.

24 ऑगस्ट 2017 चा पुट्टस्वामी निकाल या सगळ्याच्या मधोमध उभा आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी ‘आधार’विरुद्ध कोर्टात गेले. खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही, असं सरकारने 1954 आणि 1962 च्या जुन्या निकालांच्या आधारे सांगितलं, आणि नऊ न्यायाधीशांचं घटनापीठ बसवावं लागलं. नऊ विरुद्ध शून्य असा निकाल लागला. त्यातच न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागण्याचा हक्क नाकारणारा एडीएम जबलपूर निकाल चुकीचा ठरवला, ज्यात त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड बहुमतात होते. हक्कावर मर्यादा घालायची तर कायदा हवा, उद्देश रास्त हवा आणि उपाय त्या उद्देशाच्या मानाने बेताचा हवा, अशी कसोटी ठरली. वर्षभराने, सप्टेंबर 2018 मध्ये, पाच न्यायाधीशांनी ‘आधार’ बहुमताने वैध ठरवलं, खासगी कंपन्यांना ते वापरू देणारा भाग काढला, आणि संसदेने 2019 मध्ये दुरुस्ती करून ‘स्वेच्छेने’ हा शब्द घालून तो बऱ्याच अंशी परत आणला. हॉटेलच्या काउंटरवर आधारची झेरॉक्स ‘स्वेच्छेने’ देणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

आता वळू या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याकडे. याची पूर्वपीठिका लांबलचक आहे आणि तिच्यात मराठी मुलखाशी जोडलेली माणसं भेटतात. मूळचे सोलापूरचे न्या. अजित प्रकाश शहा यांच्या गटाने 2012 मध्ये तत्त्वं आखून दिली. मुंबई उच्च न्यायालयात कारकीर्द घडवलेल्या न्या. श्रीकृष्ण यांच्या समितीने 2018 मध्ये मसुदा दिला, आणि पाळत ठेवण्याच्या कायद्यातही सुधारणा हवी असं निक्षून सांगितलं. 2019 मध्ये सरकारने विधेयक आणलं तेव्हा सरकारी यंत्रणांना दिलेल्या सवलतींवर सगळ्यात कडक टीका खुद्द श्रीकृष्णांनीच केली. ते विधेयक 2022 मध्ये मागे घेतलं. नवं विधेयक ऑगस्ट 2023 मध्ये दोन दिवसांच्या अंतराने दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि 11 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला.

कायद्यात चांगलं बरंच आहे. संमती मागताना नोटीस इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी हव्या त्या भाषेत मिळाली पाहिजे, म्हणजे मराठीत आणि कोकणीतही. हे नीट पाळलं गेलं तर चंदगडच्या शेतकऱ्याला कर्जाच्या ॲपवर ‘आय ॲग्री’ दाबण्याआधी आपण काय देतो आहोत ते वाचता येईल. संमती कामापुरतीच, हेही स्पष्ट आहे. कायद्याने स्वतःच उदाहरण दिलं आहे: डॉक्टरचा सल्ला देणाऱ्या ॲपने तुमच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांची यादी मागितली आणि तुम्ही हो म्हटलंत, तरी ती संमती फक्त उपचाराच्या माहितीपुरतीच धरायची, कारण सल्ला द्यायला तुमच्या मेव्हण्याचा नंबर लागत नाही. वसुलीसाठी नातेवाइकांना फोन करून बदनाम करणाऱ्या कर्ज-ॲपांचा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना या वाक्याची किंमत कळेल.

आणि मुख्य म्हणजे, माझ्या त्या पहिल्या प्रश्नाला इथे पहिल्यांदा उत्तर आहे. माहिती फुटली तर कंपनीने प्रत्येक बाधित माणसाला विलंब न लावता, साध्या भाषेत कळवायचं आणि डेटा संरक्षण मंडळाला 72 तासांत तपशील द्यायचा. आजवर तसं नव्हतं. 2018 च्या जानेवारीत ‘ट्रिब्यून’च्या वार्ताहराने पाचशे रुपयांत आधारची माहिती मिळते असं दाखवलं, 2023 च्या जूनमध्ये कोविन पोर्टलवरचे तपशील टेलिग्रामवर मिळू लागल्याच्या बातम्या आल्या. दोन्ही वेळा लोकांना कळलं ते वर्तमानपत्रांतून, आणि सरकारकडून ऐकायला मिळाला तो इन्कार. ही कलमं लागू झाली की सुरक्षेची काळजी न घेणाऱ्याला अडीचशे कोटींपर्यंत आणि फुटल्याचं न कळवणाऱ्याला दोनशे कोटींपर्यंत दंड होऊ शकतो.

खोट इथून सुरू होते. कलम 17 खाली केंद्र सरकार आपल्या कुठल्याही यंत्रणेला अधिसूचना काढून या कायद्यातून पूर्ण बाहेर काढू शकतं. मग तिच्याकडची माहिती फुटली तरी कळवायचं बंधन राहत नाही. कलम 36 खाली सरकार कंपनीकडून माहिती मागवू शकतं, आणि देशाच्या सुरक्षेचं कारण असेल तर ही मागणी झाल्याचं त्या माणसाला सांगू नका, असंही नियमानुसार फर्मावू शकतं. दंड करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष आणि सदस्य केंद्रच नेमतं, तेही दोन वर्षांसाठी. दोन वर्षांनी पुन्हा नेमणूक हवी असलेला सदस्य केंद्राच्याच एखाद्या खात्याला अडीचशे कोटींचा दंड ठोकेल, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. युरोपात आयर्लंडच्या स्वतंत्र प्राधिकरणाने मे 2023 मध्ये मेटाला 120 कोटी युरोचा दंड केला. तिथेही ते दिरंगाई करतात अशी तक्रार आहे, पण नेमणुकीची दोरी अशी हातात धरलेली नाही.

मुलांबद्दलचं कलमही अतिरेकी वाटतं. अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल, आणि त्याच्यासाठी पालकांची पडताळलेली संमती. बारावीच्या विद्यार्थ्याने एखाद्या संकेतस्थळावर खातं उघडायचं तर वडिलांची ओळख पटवायची, म्हणजे मुलाच्या खासगीपणासाठी आणखी एका मोठ्या माणसाची माहिती गोळा करायची. युरोपात ही मर्यादा सोळा आहे आणि देशांना ती तेरापर्यंत खाली आणता येते.

पण सगळ्यात मोठं नुकसान केलं ते कलम 44(3) ने, आणि ते नोव्हेंबर 2025 पासून लागूही झालं. नागरिकांना हक्क देणारी कलमं मात्र दीड वर्षं थांबली आहेत. या कलमाने माहिती अधिकार कायद्यातलं 8(1)(जे) बदललं. आधी नियम असा होता की वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा ती दिल्याने खासगीपणात विनाकारण घुसखोरी होत असेल तरच नाकारायची. विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारायची नाही, असं पुढे जोडलेलं होतं. आता उरलं ते एवढंच: वैयक्तिक माहिती असेल तर द्यायची नाही. राळेगणसिद्धीच्या आंदोलनानंतर केंद्राच्या तीन वर्षं आधी, 2002 मध्ये, स्वतःचा माहिती अधिकार कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला हे जास्त लागायला हवं होतं. रोजगार हमीच्या हजेरीपटावरचं मजुराचं नाव वैयक्तिक आहे. घरकुलाच्या यादीतलं लाभार्थ्याचं नाव वैयक्तिक आहे. पुलाच्या कामावर सही करणाऱ्या अभियंत्याचं नावही वैयक्तिकच. नावं झाकून हजेरीपट मिळाला तर त्यात मेलेली माणसं काम करताहेत की जिवंत, हे ग्रामसभेने कसं ताडायचं? व्यापक जनहित असेल तर माहिती देता येईल असं सांगणारं कलम 8(2) शाबूत आहे, हे सरकारचं उत्तर खरं आहे. पण ती जबाबदारी अधिकाऱ्याच्या मर्जीवर गेली, आणि नाकारणं हे कुठल्याही जनमाहिती अधिकाऱ्याला देण्यापेक्षा सोपं असतं. मुंबईचे माजी केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी या दुरुस्तीविरुद्ध सतत आवाज उठवला तो याच कारणाने. इथे कायद्याचा रोखच उलटा झालेला दिसतो: सरकारला नागरिकाबद्दल जे कळतं त्यावर बंधनं सैल, आणि नागरिकाला सरकारबद्दल जे कळायचं त्यावर कुलूप.

दोन माणसांमधल्या पाळतीबद्दल कायदा अजून मलकानीच्याच पायरीवर आहे. पंजाबातल्या एका घटस्फोटाच्या खटल्यात नवऱ्याने बायकोशी झालेलं फोनवरचं बोलणं गुपचूप ध्वनिमुद्रित केलं होतं. 14 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पुरावा म्हणून चालेल असं ठरवलं. तर्क साधारण असा की नवरा-बायकोवर एकमेकांवर पाळत ठेवण्याची पाळी आली असेल तर लग्न आधीच मोडलेलं आहे. असेलही, पण ज्या घरात फोन नवऱ्याच्या नावावर, रिचार्ज त्याचं आणि पासवर्डही त्यालाच ठाऊक, तिथे या निकालाचा उपयोग कोण जास्त करणार हे उघड आहे.

राहिला भरपाईचा प्रश्न, ज्याची चर्चा सगळ्यात कमी होते. नव्या कायद्यातला अडीचशे कोटींचा दंड सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला रुपयाही मिळत नाही. त्याला आजवर आधार होता तो माहिती तंत्रज्ञान कायद्याचा, आणि हा मार्ग महाराष्ट्रात जेवढा वापरला गेला तेवढा क्वचितच दुसरीकडे. राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हे या कायद्याखाली निर्णय अधिकारी असतात आणि पाच कोटींपर्यंतचे दावे ऐकतात. 2013 मध्ये तत्कालीन सचिव राजेश अग्रवाल यांनी पुण्याच्या एका वाहन-सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रारीवर पंजाब नॅशनल बँकेला 45 लाख रुपये द्यायला सांगितलं. फसव्या ईमेलमुळे कंपनीच्या खात्यातून 80 लाखांवर रक्कम गेली होती. ईमेलला उत्तर देण्यात कंपनीचीही चूक होती, म्हणून पूर्ण भरपाई दिली नाही. पण बँकेने ज्या खात्यांत पैसे वळते झाले त्यांची नीट तपासणी केली नव्हती, म्हणून तिलाही सोडलं नाही. दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या न चढता मंत्रालयात असा निवाडा मिळत होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

नव्या कायद्याचं कलम 44(2) यातलं 43-अ हे कलम वगळतं, म्हणजे संवेदनशील माहिती सांभाळण्यात कंपनीने हलगर्जी केली तर बाधिताला भरपाई देणारं नेमकं तेच. त्याच्या जागी दुसरं काही ठेवलेलं नाही. उलट खोटी किंवा उगाचची तक्रार केली तर नागरिकालाच दहा हजारांपर्यंत दंड आहे. सध्याच्या अधिसूचनेप्रमाणे ही वगळणी मे 2027 मध्ये लागू व्हायची आहे. तोवर कंपनीच्या निष्काळजीपणामुळे ज्याचे कागद, खाती किंवा वैद्यकीय अहवाल बाहेर गेले असतील, त्याचा भरपाईचा अर्ज मंत्रालयात माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे करता येतो.